बर्फाचे दोन भाव

माझ्या काकांना सगळं गाव थंडोबा म्हणायचं, आणि हे नाव त्यांना ठेवलं होतं खुद्द काकूनं. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिनं त्यांना जेवायला हाक मारली. एकदा, दोनदा, पाचदा. काका कारखान्याच्या दारात बसले होते, डोळे उघडे आणि लक्ष कुठंच नाही. "माणूस आहे की थंडोबा!" काकू करवादली. शेजारणीनं ते ऐकलं, आणि संध्याकाळपर्यंत ते नाव बाजाराच्या दुसऱ्या टोकाला पोचलं. काकांना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांचा धंदाच बर्फाचा होता.

कारखाना आजोबांनी काढलेला, घराच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या उंच छपराखाली. जमिनीत मिठाच्या पाण्याचा मोठा हौद, त्यात बुडवलेले नव्वद उभे डबे, आणि डब्यांवर लाकडी झाकणं. त्या झाकणांवरूनच चालायचं. लहानपणी काका दुपारभर तिथंच लोळत असत. बाहेर ऊन रणरणत असायचं आणि त्यांच्या पाठीखाली नव्वद डबे पाणी हळूहळू गोठत असायचं. पाणी कडेकडून आत गोठत येतं. मधला गाभा सगळ्यात शेवटी जमतो. त्याला अठरा-वीस तास लागतात. झाकण उचलून, डब्यावर बोटानं टिचकी मारून, नुसत्या आवाजावरून काका सांगायचे, "अजून दोन तास." शाळेत त्यांना पाढे कधी धड आले नाहीत, पण हे दोन तास कधी चुकले नाहीत.

मग घराघरात फ्रिज आले आणि बर्फाचं गिऱ्हाईक रोडावलं. मासेवाल्या, सरबताच्या गाड्या, एक-दोन हॉटेलं, एवढेच उरले. नव्वदपैकी तीस डबे भरले तरी पुरे व्हायचं. काकू म्हणायची, "विकून टाका ना तो पत्रा." काका म्हणायचे, "बघू." काकांच्या 'बघू'त बारा वर्षं गेली.

त्या उन्हाळ्यात उष्मा असा होता की कुत्रीसुद्धा भुंकायचा कंटाळा करत. एका दुपारी आभाळ पिवळं झालं, अर्धा तास वादळ घोंघावलं, आणि डोंगरापलीकडून वीज आणणारे लोखंडी मनोरे एकामागून एक आडवे झाले. पाऊस थेंबभरही नाही. वादळ गेलं आणि गावावर एक विचित्र शांतता पसरली. पंख्यांची, पंपांची, फ्रिजची मिळून केवढी गुणगुण असते हे आम्हाला ती थांबल्यावरच कळलं. वीज यायला दहा-बारा दिवस लागतील, असं भोंगा लावून सांगत एक गाडी फिरून गेली.

कारखान्याच्या कोपऱ्यात आजोबांच्या वेळचं डिझेलचं इंजिन होतं. मिस्त्रीही आजोबांच्याच वेळचे. त्यांना माणसांचं बोलणं फारसं ऐकू येत नसे, इंजिनाचं मात्र सगळं ऐकू यायचं. रात्री निवांत झोपून ते पहाटे आले, त्यांनी इंजिनावरचं गोणपाट काढलं, तेल पाजलं, पट्टा चढवला आणि काकांना म्हणाले, "फिरव चाक. तुझ्या बापाचं आहे, तुझंच ऐकेल." अकराव्या वेळी ते खोकलं आणि सुरू झालं. त्याच्या जोरावर हौद निम्माच थंड राहणार होता. रोज पंचेचाळीस लाद्या. त्याहून एक जास्त नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या लाद्या निघाल्या. काकूनं विचारलं, "भाव काय लावायचा?"

"काल होता तोच," काका म्हणाले. "लोक अडचणीत आहेत. आपण काय त्यांच्या टाळूवरचं लोणी खायचं?"

मला त्यांचा अभिमान वाटला. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. शाळा बंद होती म्हणून मदतीला आले होते. साखळीनं डबा वर यायचा, कोमट पाण्यात बुडी मारायचा, आणि लादी सळ्ळकन घसरून फळीवर यायची. निळसर, धुरकट, आतून उजळलेली. दार उघडलं की थंड वाफ रस्त्यावर सांडायची आणि रांगेतल्या लोकांचे पाय गुडघ्यांपर्यंत दिसेनासे व्हायचे. सगळी माणसं ढगात उभी आहेत असं वाटायचं.

तासाभरात सगळं संपलं. रोज सरबताच्या गाड्यांसाठी दोन लाद्या नेणारा टेम्पोवाला त्या दिवशी सर्वात आधी येऊन उभा होता. त्यानं दोन खेपांत तीस नेल्या. काकांनी विचारलंही नाही कशाला. काल होता तोच भाव, आणि आधी येईल तो आधी नेईल. त्यांच्या मते न्याय म्हणजे एवढाच.

दहाच्या सुमाराला दवाखान्यातली नर्सबाई आली. हातात लसींची निळी पेटी, चेहरा घामानं निथळलेला.

"काका, एक लादी."

"संपल्या हो," काका म्हणाले. "उद्या या."

 पेटीचं झाकण उघडून तिनं आत हात घातला, आणि तो आत ठेवूनच क्षणभर उभी राहिली. मग गेली.

दुपारी काकू चौकातून परत आली ती तणतणतच. "चला माझ्याबरोबर. दाखवते." आम्ही गेलो. झाडाच्या सावलीत टेम्पो उभा होता, फळकुटावर लादी, आणि टेम्पोवाला टोच्यानं ढलपे काढून पाचपट भावानं विकत होता. लादीच्या एका अंगाला मुठीएवढा उंचवटा होता. आमच्या एका डब्याला पोचा आहे, त्यातल्या लादीला तो नेहमी येतो. काकांनी त्यावर हात ठेवला. "ही माझी लादी आहे," ते झोपेत बोलावं तसं म्हणाले.

"होती, काका," टेम्पोवाला म्हणाला. त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "तुम्ही स्वस्त विकलीत, मी महाग विकतोय. चोरी कुठं केली? घेणारे घेतायतच की."

आम्ही घरी परतलो. दारात काका म्हणाले, "म्हणजे माझा स्वस्त भाव लोकांपर्यंत गेलाच नाही. चौकापर्यंत गेला आणि मेला."

त्याच संध्याकाळी डिझेलही महागलं. पंपवाला म्हणाला, "मलाही तीन गावं ओलांडून आणावं लागतंय." खोटं नव्हतं. काकूनं ठरवून टाकलं, "उद्यापासून तिप्पट. नाहीतर इंजिन बंद पडेल, आणि मग वाटा तुमचा न्याय."

भाव तिप्पट झाला आणि रांग अर्धी झाली. न्हावी जाता जाता ओरडला, "अरे, थंडोबा तापला रे!" आणि सगळा रस्ता हसला. पण एक गंमत काकांनी पाहिली. रोज सहा लाद्या नेणारी मासेवाली दोनच घेऊन गेली, म्हणाली, "आज मालच कमी उचलला, बाकीच्याला मीठ लावलं." टेम्पोवाल्यानं पाच घेतल्या, कारण आता त्याला वर खायला फारसं उरत नव्हतं. दुपारी दहा लाद्या शिल्लक होत्या. नर्सबाई आली तेव्हा तिच्यासाठी बर्फ होता. "भाव वाढला की हात आखडतात," काका मला म्हणाले. "हे वाईट नाही. हे मला माहीतच नव्हतं."

तेवढ्यात एक बाई हातात स्टीलचा डबा घेऊन दारात आली. पायातली चप्पल एकीकडून तुटलेली. "वडिलांची साखरेची इंजेक्शनं आहेत," ती म्हणाली. "लादी नको. डब्यात मावेल एवढा तुकडा द्या."

"तुकड्यानं विकत नाही," काका म्हणाले. पंचवीस वर्षांची सवय होती ती. तोंडातून आपोआप निघालं.

"बरं," ती म्हणाली आणि वळली.

ती कोपऱ्यावर पोचली असेल तेव्हा काकांना आपलंच वाक्य ऐकू आलं. त्यांनी लादीवर लोखंडी आकडा घातला, एक कोपरा फोडला, तो तसाच उघड्या हातांत धरला आणि ते पळाले. थंडोबा पळतोय हे गावानं पहिल्यांदाच पाहिलं. न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थबकला. ते परत आले तेव्हा त्यांचे तळवे लालबुंद झाले होते आणि श्वास लागला होता. "मिळाली का?" काकूनं विचारलं. "मिळाली. पैसे देत होती. घेतले नाहीत." काकूनं त्यांचे हात आपल्या हातांत घेतले आणि चोळत बसली. 

जास्त बर्फ काढता आला तर प्रश्नच मिटेल, असं मला वाटायचं. मी मिस्त्रीकाकांच्या कानाशी जाऊन ओरडले, "लाद्या सहा तास आधी काढल्या तर? दिवसाला दुप्पट नाही का होणार?" ते हसले. "काढून बघ." आम्ही एक काढली. दिसायला अगदी पुरी. मिस्त्रीकाकांनी तिला नुसता आकडा लावला, तशी ती मधोमध तडकली आणि आतलं पाणी भसाभस आमच्या पायांवर आलं. "बर्फाला घाई समजत नाही, पोरी," ते म्हणाले.

त्या दुपारी काका लाद्यांच्या खोलीत जाऊन बसले. भिंतींना भुसा, चहूकडे गोणपाटात गुंडाळलेल्या लाद्या, वर एक झरोका. तिरपं ऊन एका उघड्या लादीतून आरपार जात होतं आणि समोरच्या भिंतीवर पाण्यासारखा उजेड हलत होता. इंजिनाची धडधड तिथं पोचता पोचता मऊ व्हायची, कुणीतरी दूरवर उशी थोपटत असल्यासारखी. मी चहा घेऊन गेले तेव्हा काका डोळे मिटून होते. मला वाटलं झोपले. चहा ठेवून निघाले तर म्हणाले, "लादी कुणाला लागते गं?"

"हॉटेलवाल्यांना. मासेवालीला."

"आणि तुकडा?"

"सगळ्यांना."

"मग मी लादी आणि तुकडा एका भावात का तोलतोय?" त्यांनी डोळे उघडले. त्यांना इतकं जागं मी कधी पाहिलं नव्हतं. "करवत काढ. मोठी."

चौथ्या दिवसापासून असं सुरू झालं. पहिल्या तीन लाद्या दवाखान्याच्या, फुकट. मग वीस लाद्या करवतीनं विटांएवढ्या कापायच्या. घरटी एक वीट, वादळाआधीच्या भावानं. ज्यांच्या घरी औषध आहे त्यांनी बाटली दाखवायची, त्यांना दोन. उरलेल्या बावीस अख्ख्या लाद्या ज्याला हव्या त्यानं बोली लावून न्याव्यात, आणि त्या पैशांतून डिझेल भरायचं.

करवत मिस्त्रीकाका आणि मी धरायचो. पात्याखालून पांढरा भुगा उडायचा, मनगटांवर बसायचा आणि दिसता दिसता नाहीसा व्हायचा. दारात काकू. तिच्याकडे ना यादी ना शिक्का. तिची नजर हाच शिक्का. एक माणूस अर्ध्या तासानं पुन्हा रांगेत आला, डोक्यावर दुसरी टोपी घालून. काकू म्हणाली, "दादा, टोपी बदललीत, चाल कशी बदलणार?" रांग खदखदली. तो बिचारा स्वतःही हसला आणि निघून गेला. एक म्हातारे आजोबा मात्र तीन दिवस दोनदा येत राहिले, आणि काकूनं तीनही दिवस त्यांना दोनदा दिलं. मी विचारलं तर म्हणाली, "त्यांची शेजारीण अंथरुणाला खिळलीय. तिचा वाटा नेतात. ते सांगत नाहीत, मी विचारत नाही."

बोलीला मोठ्या हॉटेलचे शेठ स्वतः यायचे. त्यांच्या तळघरात महिन्याचा माल भरलेला होता, तो वाचवायला त्यांना रोज दहा लाद्या हव्या होत्या. सहापट भाव मोजताना त्यांच्या पुढून एक हमाल विटेचे जुन्या भावाचे पैसे देऊन गेला. शेठ चिडले.

"थंडोबा, हा काय प्रकार? पाणी तेच, डबा तोच, करवतीनं कापलं की स्वस्त?"

"हो," काका म्हणाले.

"म्हणजे त्याचा बर्फ मी विकत घेतोय!"

काकांनी बराच वेळ विचार केला. रांग थांबून राहिली. मग ते म्हणाले, "तुमच्या पैशांनी इंजिन चालतंय, शेठ. इंजिन थांबलं तर त्याची वीट जाईल आणि तुमच्या दहा लाद्या जातील. तुम्हाला नको असेल तर मासेवाली मागे उभी आहे."

शेठनी पैसे मोजले. जाताना म्हणाले, "याचा जाब द्यावा लागेल तुम्हाला."

टेम्पोवाला पाचव्या दिवशी आला, मान खाली घालून. चौकात आता कुणी त्याच्याकडून घेत नव्हतं. काका त्याला म्हणाले, "तुझ्याकडे गाडी आहे. टेकडीवरच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना इथवर येता येत नाही. विटा पोचव, खेपेचं भाडं देतो." त्यानं भाडं वाजवून घेतलं, पण विटा पोचवल्या. एकही कमी नाही. काकूनं दोनदा जाऊन खात्री केली होती.

ते दिवस मला आता आठवतात ते झोपेत पाहिल्यासारखे. पहाटे इंजिनाचा आवाज, गावभर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या विटा कडेवर घेऊन जाणारी माणसं, जणू सगळ्यांच्याच घरी बाळं झालीत. रस्त्यावर थेंबांच्या ओळी, प्रत्येक दारापर्यंत गेलेल्या आणि उन्हात लगेच पुसल्या जाणाऱ्या. लोक हळू बोलायला लागले होते. का कोण जाणे.

अकराव्या दिवशी दुपारी छपरातला दिवा अचानक पेटला. मिस्त्रीकाकांनी इंजिन बंद केलं आणि त्याच्या अंगावर हात ठेवून बराच वेळ तसेच उभे राहिले.

पंधरा दिवसांनी काकांना नोटीस आली. आणीबाणीच्या काळात एकाच मालाचे दोन भाव लावले, आणि एका गिऱ्हाइकाकडून सहापट घेतले. तक्रार हॉटेलच्या शेठनी केली होती. काकूनं कपाळाला हात लावला. काका म्हणाले, "बोलला होता तो. शब्दाचा पक्का निघाला."

भाव-तपासणीच्या कचेरीत आम्ही तिघं गेलो. पांढरा चुना दिलेली लांब खोली, कपाटांवर फायली, पंखा संथ फिरत होता. अधिकारी बाई होत्या, पन्नाशीच्या, चष्मा दोरीला बांधलेला. शेठ एका बाजूला बसले होते. बाईंनी सगळं ऐकलं, मग काकांना विचारलं, "तुम्हाला हे मान्य आहे?"

"मान्य आहे."

"का केलंत?"

"आधी एक भाव लावून पाहिला, मॅडम. स्वस्त लावला, तर एकटाच सगळा घेऊन गेला. महाग लावला, तर एक बाई डबा घेऊन परत गेली. बर्फ पंचेचाळीसच लाद्या होता. मला तिसरं काही सुचलं नाही."

बाई लिहीत होत्या. तेवढ्यात काकू खुर्चीतून पुढं झुकली. "मॅडम, तुम्ही सातव्या दिवशी आला होतात. हिरवी पिशवी होती. दोन विटा नेल्यात, बाटली दाखवून."

मी डोळे मिटून घेतले. काका पुटपुटले, "अगं, गप."

बाईंनी चष्मा काढला. शेठही सावरून बसले. "आले होते," बाई म्हणाल्या. "माझ्या आईची औषधं होती. म्हणूनच मला हे माफ करता येणार नाही. उद्या कुणी म्हणेल, बाईंनी बर्फ खाल्ला आणि निकाल दिला." त्यांनी दंड लिहिला. फार नव्हता, पण लागेल एवढा होता. मग त्यांनी कागद उलटा केला आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमची चूक कुठं झाली सांगू? वाटणी वाईट नव्हती. पण ती फक्त तुमच्या डोक्यात होती, आणि या बाईंच्या नजरेत. शेठ भांडेपर्यंत त्यांना माहीत नव्हतं की त्यांचा जास्तीचा पैसा कशाला जातो. दारावर पाटी लावा. आधी औषध, मग घरटी वीट, उरलेलं बोलीनं, आणि डिझेलचा खर्च किती. या कचेरीकडून मंजूर करून घ्या. मग मी दंड लावू शकणार नाही, आणि पुढच्या वेळी एखादा लबाड माणूस हीच पद्धत लावून लुबाडूही शकणार नाही."

काकांना ते पटलं. इतकं पटलं की दंड भरताना ते खुशीत होते, आणि काकू चिडली. "दंड भरताना हसणारा नवरा मिळाला मला!" परतीच्या वाटेवर शेठ आमच्या पुढंच चालत होते. एका वळणावर ते थांबले. "आधीच सांगितलं असतंत तर दिले असते हो," ते म्हणाले. "मी काय राक्षस आहे?" काका म्हणाले, "नाही. मला बोलायला उशीर होतो." दोघं मग दुकानाच्या पायरीवर बसून डिझेलच्या भावावर अर्धा तास बोलले. काकू आणि मी उन्हात उभ्या.

पाटी मी लिहिली. कचेरीचा शिक्का तिच्या कोपऱ्यात बसला. ती कामी आली ती एकदाच, आठ वर्षांनी, जेव्हा उन्हाळ्यात पुन्हा तीन दिवस वीज गेली. तेव्हा काका आजारी होते, पलंगाला खिळलेले. कारखाना काकूनं चालवला, साठीच्या वयात, पदर खोचून, कंबर कसून. मी काकांपाशी बसले होते. खिडकीचा पडदा वाऱ्यानं आत फुगायचा आणि सुस्कारा टाकल्यासारखा परत जायचा. मागून करवतीचा आवाज येत होता.

"बोली कशी चाललीय?" त्यांनी विचारलं.

"शेठचा मुलगा आलाय. बारा लाद्या मागतोय."

"भाव?"

"काकूनं पाटी वाचायला लावली त्याला. मोठ्यानं. सगळ्या रांगेसमोर. मग सातपट घेतले."

काका हसले, पोट हलवत, आवाज न करता. मग त्यांचे डोळे जड झाले. "ती सातपट घेईल," ते म्हणाले. "मला सहाच्या वर कधी तोंड उघडवलं नसतं." आणि कूस बदलून ते भर दुपारी, गार फरशीवर आलेल्या उन्हाच्या पट्ट्याकडे तोंड करून झोपी गेले.